एकसष्ट चांगल्या कॅसेटी

९ फेब्रुवारी

ढब्बू,

आशीर्वाद देत नाही. मागच्या पत्रातले तू वापरलेले दिसत नाहीत, नाहीतर एव्हाना चार ओळी लिहायची बुद्धी झाली असती. तुझं पुलाचं काम पाण्यात चालतं हे मान्य, पण तुझं पेनही पाण्यात पडलंय का?

फोन का केला नाहीस म्हणून विचारू नकोस. आपला फोन बाहेरच्या खोलीत, बाबाही बाहेरच्या खोलीत, आणि मला सांगायचं ते बाबांबद्दलच. तुझ्याकडे तर साइट ऑफिसचा कारकून शेजारी बसून सगळं ऐकतो. त्यापेक्षा पत्र बरं. दुपारी दुकानात डोळे तपासायला कोणी येत नाही. चष्म्याच्या काचा पुसून झाल्या की मी लिहायला मोकळी.

तर बातमी चांगली आहे. नोव्हेंबरात आई गेली तेव्हा तू आठ दिवस इथे होतास, बाबा कसे झाले होते ते पाहिलंसच. जेवा म्हटलं की जेवायचे, उठा म्हटलं की उठायचे. माझ्याशी भांडतसुद्धा नव्हते, म्हणजे बघ. गेल्या रविवारी मी भाजी घेऊन आले, तर माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्वतः शिडीवर चढले होते. मी ओरडायला तोंड उघडणार, तर त्यांनी बोट वर केलं.

पंचवीस वर्षांनी ते बोट पाहिलं आणि मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. सवय जात नाही रे. बाकीच्यांचे वडील सुट्टीत फोटो काढायचे, आपले बाबा आवाज गोळा करायचे. वर्षभर डब्यांच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या मशिनीशेजारी उभं राहायचं आणि दुरुस्तीसाठी कारखाना पंधरा दिवस बंद झाला की टेपरेकॉर्डर खांद्याला लावून निघायचं. तलाव, ओढा, रान, डोंगरावरचा वारा. माईक टॉवेलवर ठेवायचा, बोट वर करायचं, आणि बोट खाली येईपर्यंत आपण तिघांनी पुतळे व्हायचं. अर्धा तास. तू चुळबुळ्या, आणि मी वर्गाची मॉनिटर. आईने फ्लास्कचं झाकण उघडताना काही बोलायला तोंड उघडलं की बाबांच्या आधी मीच तिला गप्प करायची.

सगळ्या कॅसेटी नीट आहेत, एक ते एकसष्ट. बाबांनी मशीन उघडून स्पिरिटने पुसलं, आणि एक नंबरपासून ऐकायला लागलेत. हेडफोन लावून, डोळे मिटून, दिवसाला चार. मध्येच मशीन थांबवतात, मागे घेतात, पुन्हा ऐकतात. असे रमलेत की चहा गार होतो तरी पत्ता नाही. मला इतकं बरं वाटलं की काल दुकानात एका आजोबांचा नंबर मी गाणं म्हणत काढला.

जमलं तर हेडफोनच्या कानावरच्या गाद्या पाठव, इथे मिळत नाहीत. जुन्यांचा भुगा पडतो आणि बाबांचे कान काळे होतात.

ताई

२१ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र क्रेनच्या केबिनमध्ये बसून वाचलं, जमिनीपासून सहा मजले वर. खालचा मुकादम शिट्ट्या मारून दमला. त्याला वाटलं मी झोपलो.

बाबांना छंद परत सापडला यासारखं औषध नाही. माणसाला विरंगुळा पाहिजे, मी तुला तेव्हाच म्हटलं होतं. पण नुसत्या जुन्या कॅसेटी किती दिवस पुरणार? म्हणून मी एक गोष्ट करून टाकली आहे, ओरडू नकोस. मोठा टीव्ही पाठवलाय, डिशसकट. दोनशे चॅनेल आहेत. त्यात एक चॅनेल नुसतं जंगलाचं आहे, चोवीस तास प्राणी आणि पक्षी, आणि आवाज असा की खोलीत वाघ आल्यासारखा वाटेल. गाद्याही त्याच खोक्यात ठेवल्यात.

तुझी आठवण बरोबर आहे, फक्त चुळबुळ मी करत नव्हतो, मला शिंका यायच्या. मुद्दाम कोण शिंकतं? त्या डोंगरावरच्या शिंकेबद्दल बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. आई मात्र तोंडाला पदर लावून हसत होती, आणि हसण्याचाही आवाज होऊ देत नव्हती. ती त्यात पटाईत झाली होती.

मी लगेच येऊ शकत नाही. पुलाचे मधले दोन खांब उभे राहीपर्यंत रजा बंद आहेत. पण बाबांना बाहेर काढ. तलावाकाठच्या विश्रामगृहात चार दिवस घेऊन जा, मी तिथल्या माणसाला पत्र टाकतो. बाबांच्या अंगात पुन्हा वारं भरेल.

ढब्बू

१० मार्च

ढब्बू,

टीव्ही पोचला. दोन माणसांनी उचलून आणला, मेकॅनिकने डिश बसवली, वाघही येऊन गेला. बाबांनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, वर कोणीतरी सारखं बोलतंय, त्याला गप्प करता येईल का. मी आवाज बंद केला. मग म्हणाले, आता वाघच गप्प झाला. तेव्हापासून टीव्ही बंद आहे. त्याचं खोकं मात्र कामाला आलं, त्यावर टेपरेकॉर्डर छान बसतो.

गंमत इथे संपली. मी मागच्या पत्रात तुला जे लिहिलं ते सगळं चूक होतं. मला लाज वाटते, रोज डोळ्यांना डोळे लावून लोकांना काय दिसतं आणि काय दिसत नाही ते सांगणारी बाई मी, आणि घरात काय चाललंय ते मला दिसलं नाही.

बाबा एकसष्टपर्यंत पोचले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक नंबर लावला. मी म्हटलं, अहो, हे झालंय ऐकून. ते म्हणाले, मधूनमधून सुटलं असेल. मी विचारलं, काय सुटलं? त्यांनी हेडफोन काढला, मांडीवर ठेवला आणि मला सांगितलं. ते आवाज ऐकतच नव्हते, ढब्बू. ते आईला शोधत होते.

"तिचा चेहरा आठवतो मला," म्हणाले. "आवाज आठवत नाही. गेल्या महिन्यात होता, आता नाही."

एकसष्ट कॅसेटींत आई कुठेही नाही. म्हणजे ती प्रत्येक ठिकाणी होती, माईकपासून चार हातांवर बसलेली, पण तिने तोंड उघडलेलं नाही. सतरा नंबरवर आणि चाळीस नंबरवर फ्लास्कचं झाकण फिरवल्याचा आवाज आहे. बाबांनी मला तो ऐकवला. झाकण फिरतं, मग चहा ओतल्याचा बारीक आवाज, मग पुन्हा पाणी. ते तेवढंच मागे घेऊन घेऊन ऐकत होते, आणि मी स्वयंपाकघरातून बघत होते आणि म्हणत होते, रमले हो.

तुझ्या लग्नाचा व्हिडिओही लावून पाहिला. आई दिसते, कोणाशी तरी बोलते, हात हलवते, आणि वर बँड वाजतोय. व्हिडिओवाल्याने सगळीकडे बँडच घातलाय.

आता नीट वाच. पेटीच्या तळाशी बाबांची नोंदवही आहे. प्रत्येक कॅसेटची तारीख, जागा, शेरा. ज्यांत कोणी आवाज केला त्या कॅसेटींपुढे लाल शाईने खराब असं लिहिलंय, आणि कारण. दोन ठिकाणी तुझी शिंक. पाच ठिकाणी लिहिलंय, "ही बोलली. खराब." या सातही पेटीत ठेवल्या नाहीत. प्रत्येकीपुढे एकच शब्द आहे, तू कॉलेजच्या होस्टेलवर गेलास त्या वर्षी लिहिलेला. "ढब्बूला."

बाबांनाही हे आठवलं. काल सकाळपासून त्यांनी मशीन तीनदा पुसलंय. मला म्हणाले, त्याला लिही, एकच असली तरी चालेल. टपाल जायला चार दिवस आणि यायला चार दिवस, असा हिशेब करून त्यांनी कॅलेंडरवर खूण केली आहे.

त्या पाच कॅसेटी आहेत ना तुझ्याकडे?

ताई

२४ मार्च

ताई,

पत्र वाचून गलबलून आलं. बाबांना सांग, मी शोधतो. त्या कॅसेटी मी नक्की जपून ठेवल्या होत्या, फक्त कुठे ते आठवावं लागेल. तुला माहीतच आहे, होस्टेलनंतर मी आधी धरणाच्या कामावर होतो, मग बंदरावर, मग इथे, तीन ठिकाणी बिऱ्हाड हललं, आणि बायकोच्या हिशेबाने ज्या वस्तूला झाकण नाही ती कचरा. बरंचसं सामान तिच्या आईच्या घरी पोटमाळ्यावर आहे. ते घर इथून बसने सात तास. रजा मिळाली की जातोच. बंदरावर असताना एकदा गोदामात पाणी शिरलं होतं, त्यात माझी एक ट्रंक भिजली, त्यात काय होतं काय नव्हतं तेही बघायला पाहिजे. मुकादमाशी बोललोय. तोही म्हणाला की जुन्या कॅसेटी अशा सहज जात नाहीत, त्याच्याकडे अजून आहेत.

तोवर तू तलावावर जाच. मी दोन घडीच्या खुर्च्या पाठवतोय, कापडी, हलक्या, मागे डोकं टेकता येतं. हवा चांगली आहे सध्या. बाबांना तिथे करमेल. कदाचित तिथे गेल्यावर आवाज आपोआप आठवेल, असं होतं माणसाचं, मी कुठेतरी वाचलंय.

आणि कॅलेंडरवर खुणा करू देऊ नकोस त्यांना.

ढब्बू

१९ एप्रिल

ढब्बू,

तलावावर जाऊन आलो. तुझ्या खुर्च्या चांगल्या आहेत, विश्रामगृहाच्या माणसाला एवढ्या आवडल्या की एकीत तोच बसून असायचा.

खोली तीच, डावीकडची. खिडकीचं दार अजून लागत नाही, अजून दोरीने बांधतात. पहाटे बाबांनी मला उठवलं. टेपरेकॉर्डर, नवी कॅसेट, टॉवेल, सगळं घेतलं होतं. फ्लास्क मी भरला. लाकडी धक्क्याच्या टोकाला जाऊन बसलो. बाबांनी टॉवेलवर माईक ठेवला, बटण दाबलं, जागा आणि वेळ सांगितली, अगदी पूर्वीसारखी, "तलाव, सकाळचे सहा दहा." आणि बोट वर केलं.

मग त्यांनीच दुसऱ्या हाताने ते बोट धरून खाली घेतलं आणि मला म्हणाले, "बोल."

मी म्हटलं, काय बोलू?

"काहीही. तू तिच्यावर गेली आहेस म्हणतात. बोल."

दिवसभर दुकानात माझी टकळी बंद नसते, मालक म्हणतो की गिऱ्हाइकं माझ्या बडबडीने घाबरून चष्मा घेतात. आणि तिथे माझ्या तोंडातून शब्द फुटेना. लहानपणापासून शिकवलंय रे मशीनच्या त्या लाल दिव्यासमोर गप्प बसायला, मी तरी काय करणार? शेवटी एकच वाक्य म्हणाले. "पाणी खूप आहे." बाबांनी कॅसेट मागे घेतली, ऐकलं, मान हलवली. रागावले नाहीत. चहा घेऊ या म्हणाले. मी झाकण फिरवलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि मला तो फ्लास्क तलावात फेकून द्यावासा वाटला.

परत आल्यापासून ते रोज अकरा वाजता दारात उभे असतात. टपालवाला लांबूनच हाताने नाही म्हणतो. आता तो आमच्या गल्लीत शिरायलाच कंटाळतो, परवा मी त्याला मागच्या रस्त्याने जाताना पाहिलं.

ढब्बू, तू खरं बोलतोस तेव्हा तीन ओळी लिहितोस. खोटं बोलतोस तेव्हा गोदाम, पाणी, ट्रंक, मुकादम सगळे येतात. मी तुझी मोठी बहीण आहे, तुझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर आईची सही मी केलेली आहे. सरळ सांग.

ताई

२ मे

ताई,

सरळ सांगतो.

त्या कॅसेटी मी पुसल्या. मीच. होस्टेलवर पहिल्या महिन्यात मला इतकं एकटं वाटायचं की जेवण जायचं नाही. खोलीतल्या मुलाचा टेपरेकॉर्डर होता. तो बाहेर गेला की मी बाबांच्या खराब कॅसेटी लावायचो आणि आई कुठे बोलते तेवढंच ऐकायचो. पाचही ठिकाणं मला पाठ होती. एकीत ती म्हणते, मुंग्या आल्यात. एकीत नुसतं माझं नाव घेते. मला पुरायचं तेवढं.

मग मित्र झाले, मन रमलं, घराची सवय सुटली. रेडिओवर गाणी लागायची, सामने लागायचे, आणि कोऱ्या कॅसेटी कोणाकडे असायच्या? मी एकेक करून त्यांच्यावर गाणी भरली. आईवर गाणी भरतोय हे मला कळत होतं. मला वाटलं, आई काय, सुट्टीत घरी गेलो की भेटेलच, पाहिजे तेवढी बोलेल. सतरा वर्षांच्या मुलाला दुसरं काय वाटणार?

चार तर नक्की गेल्या. वाटून टाकल्या, कोणाकोणाला दिल्या. पाचवी सासूबाईंच्या घरी बिस्किटांच्या डब्यात असावी असं बायको म्हणते, पण तिच्यावरही मी सामन्याचं समालोचन भरलं होतं, म्हणून मी जात नव्हतो. जाऊन काय बघायचं?

बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मला सांगवणार नाही. सहा मजले वर बसून मी वीस टनांचा गर्डर बोटभरही इकडेतिकडे न होता ठेवतो, आणि एवढं एक सांगायला माझे हात चालत नाहीत.

ढब्बू

११ मे

ढब्बू,

तू लहान होतास हे मला कळतं. तरी चार दिवस तुझं नाव काढावंसं वाटलं नाही. तुला पाच वेळा तरी ऐकायला मिळाली ती. मला एकदाही नाही.

बाबांना सांगितलेलं नाही. टपालवाला तुझं पत्र देत होता तेव्हा ते दारातच होते. पाकीट हाताने चाचपून पाहिलं, आत नुसता कागद आहे हे कळल्यावर माझ्याकडे दिलं आणि काय लिहिलंय हेही विचारलं नाही.

बिस्किटांचा डबा बघून ये. समालोचन तर समालोचन. रजा नसेल तर न मागता जा.

ताई

६ जून

ताई,

आधी हे वाच आणि मग सोबतचं छोटं पाकीट उघड. बाबांच्या समोर उघडू नकोस.

डबा सापडला, कॅसेटही. बाबांच्या लाल अक्षरात खराब, आणि त्याच्यावर माझ्या अक्षरात फायनल. इथे कामगारांच्या करमणुकीच्या खोलीत एक जुना प्लेअर आहे, कॅरमशेजारी. लावली. पंचवीस मिनिटं तो समालोचक ओरडतोय. मग सामना संपला, मी तेव्हा बटण बंद केलं असणार, खट असा आवाज, आणि त्याच्यापुढे पाणी. ओढ्याचं. मागे चौघं कॅरम खेळत होते, मी बोट वर केलं. का कोण जाणे, सगळे गप्प झाले.

चार मिनिटं पाणी, नुसतं. आणि मग आई.

"झालं का हो? बोलू का मी आता?"

अगदी हळू. घाबरून नाही, पण कोणाचं काम चाललंय आणि आपण मध्ये येतोय, अशा आवाजात. अर्धा तास थांबली होती ती. त्यानंतर लगेच बाबांचा एक शब्द आहे आणि कॅसेट संपते. तो शब्द मी लिहीत नाही.

तेव्हाच कॅसेट काढून तुला पाठवायला हवी होती. एकदाच ऐकून. पण मी मागे घेतली. कॅरमवाले निघून गेले, जेवणाची घंटा झाली, मी तिथेच. चौदा वेळा ऐकली. पंधराव्या वेळी प्लेअरने फीत ओढून आत गुंडाळली. मी झाकण उघडून सोडवायला गेलो, तर ती तुटली आणि तेवढाच भाग चुरगळला, आईचाच.

कॅसेट तुटलेल्या फितीसकट पाकिटात आहे. त्यानंतर मी तिला हात लावलेला नाही. बाबांना जोडता येते, लहानपणी जोडायचे ब्लेडने. मी काहीही म्हणत नाही. फक्त ती काय म्हणाली ते वर लिहिलंय, अक्षर न बदलता, तेवढं तरी पोचावं.

ढब्बू

२० जून

ढब्बू,

तू म्हणालास तसं मी केलं नाही. टपालवाला आला तेव्हा बाबा दारात होते, आणि पाकीट त्यांनी चाचपलं. मग मी तुझी दोन्ही पत्रं त्यांना वाचून दाखवली. मागचंही. सगळं. होस्टेल, गाणी, चौदा वेळा.

त्यांनी पाकीट मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "पोरगं एकटं होतं. आणि खराब म्हणून मीच तर दिल्या होत्या." तुझ्यावर रागावलेले नाहीत. हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही, तसंच आहे ते.

मग कामाला बसले. मी दुकानातून भिंग आणि काचा पुसायचं मऊ कापड आणलं. त्यांनी फीत कापडावर ठेवली, चमच्याच्या पाठीने बोटभर बोटभर सपाट केली. ब्लेडने तिरकी कापली, चिकटपट्टीने जोडली. हात थरथरतात एरवी, चहा सांडतो, पण त्या तीन तासांत एकदाही थरथरले नाहीत. मला शाळेतून आल्यावर पाहिलेले बाबा दिसले, सुट्टीहून परत येऊन मशीनपुढे बसलेले. मी मनात म्हणत होते, आता होईल.

लावली. पाणी आलं. मग आईची जागा आली, आणि तिथे असा आवाज आला, जसं कोणी बादलीत तोंड घालून बोलतंय. "झालं का" हे आपल्याला माहीत आहे म्हणून कळतं. पुढचं तेही कळत नाही. बाईचा आवाज आहे की बाप्याचा, तेही सांगता येणार नाही. आणि त्याच्या पुढची फीत धड होती. तिथे बाबांचा आवाज, तरुण, खणखणीत, एकही ओरखडा नाही.

"थांब."

ते पुन्हा मागे घेत होते आणि पुन्हा लावत होते. बादली, आणि थांब. बादली, आणि थांब. चौथ्यांदा मीच बटण दाबून बंद केलं.

मला म्हणाले, ढब्बूने लिहिलंय ते वाच, ती म्हणाली तसं. मी वाचलं. म्हणाले, अशी नाही. मी पुन्हा वाचलं, जरा हळू. अशी नाही. मी विचारलं, मग कशी? ते म्हणाले, "ते आठवत नाही. पण अशी नाही." मी आणखी दोनदा म्हणून पाहिलं. शेवटच्या वेळी माझंच रडू मध्ये आलं आणि ते राहू दे म्हणाले. मी काय करू, ढब्बू? माझ्या गळ्यात तोच आवाज असेलही कुठेतरी, पण तो मला काढून देता येत नाही.

मी आत जाऊन भाताला कुकर लावला. बाहेर आले तर त्यांनी पुन्हा ब्लेड हातात घेतलं होतं. मला वाटलं, आईचा भाग आणखी सपाट करताहेत. त्यांनी फितीचं शेवटचं टोक कापलं, दोन बोटांएवढं, आणि उरलेली फीत नीट गुंडाळून कॅसेट बंद केली. मी लावून पाहिली. पाणी, मग ती बादलीतली आई, मग पाणी संपतं. थांब कुठे नाही.

कॅसेट त्यांनी पेटीत ठेवली, एकसष्टच्या शेजारी. मग नोंदवही मागितली, आणि लाल पेन. तू पाठवलेल्या टीव्हीच्या खोक्यावर वही टेकवून या कॅसेटचं पान उघडलं. त्यावर जुन्या अक्षरात होतं, ओढा, लाकडी पुलाजवळ, पाणी उत्तम, शेवटी ही बोलली, खराब. ते सगळं त्यांनी एका रेघेने खोडलं. खाली आजची तारीख घातली आणि लिहिलं, "ही बोलली. चांगली." आणि तो कापलेला दोन बोटांचा तुकडा चिकटपट्टीने पानावर चिकटवून त्याच्यापुढे लिहिलं, "मी बोललो. खराब."

वही माझ्याकडे देऊन ते दारात जाऊन उभे राहिले. टपालाची वेळ नव्हती. मी त्यांना तसं सांगितलं नाही.

खांब उभे राहिले की ये.

ताई